फुटाणेबाई

शाळेत त्यांचं नाव वत्सलाबाई आणि शाळेच्या फाटकाबाहेर फुटाणेबाई. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा कोणीतरी वर्गाच्या भिंतीवर कोळशानं ‘फुटानेबाई’ असं ठळक लिहून ठेवलं. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी ते वाचलं, खडू उचलला, ‘ने’चा ‘णे’ केला आणि पाढे म्हणायला सांगितले.

आमचं गाव आंजी मोठी. वर्ध्याहून एसटीनं यायचं. घराच्या मागच्या अंगाला बाबांनी दोन खोल्या भाड्यासाठी बांधल्या होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाई बदली होऊन त्या खोल्यांत राहायला आल्या. सोबत एक लोखंडी पेटी, एक स्टोव्ह आणि माझ्याच वयाची एक हडकुळी मुलगी. तिचं नाव छाया. बाईंच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं, पण नवरा सोबत नव्हता. आईनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ते नागपूरले असतात.” आईनं पुढे कधी खोदून विचारलं नाही.

सकाळी आमच्या अंगणातून त्यांचं अर्धं उघडं दार दिसायचं. बाई स्टोव्हसमोर बसलेल्या असायच्या. चिमट्यात काचेची नळी, नळीत निळंशार पाणी. छाया न्हाणीतून वाटी आणून द्यायची, त्यातले काही थेंब बाई निळ्या पाण्यात टाकायच्या आणि नळी आचेवर धरायच्या. मग रंगाकडे टक लावून बसायच्या. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत.

आमच्या घरी बाबांच्या आत्या राहायच्या, सारजामाय. गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे त्यांना धुरावरून कळायचं. ही निळी नळी मात्र त्यांना कळेना. “हे बाई सकायी सकायी काय शिजवून राह्यली वो? मले तं काही बरोबर दिसत नाई.” दोनचार दिवसांत गल्लीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा आई सरळ बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून होते.

बाई म्हणाल्या, “छायाले साखर आहे.”

“म्हणजे?”

“खाल्लेली साखर तिच्या अंगात जिरत नाई, लघवीतून जाते. नळी निळी राह्यली तर बरं. हिरवी झाली तर जरा जास्त. विटेसारखी लाल झाली की मग मले दिवसभर चैन पडत नाई.”

“पण साखर तर म्हाताऱ्या माणसाइले होते ना, बाई?”

“मलेही तसंच वाटत होतं,” बाई म्हणाल्या आणि नळी धुवायला उठल्या.

नळीनंतर सुई. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, छायाची मांडी कापसानं पुसायची, आणि टोचायचं. छाया रडायची नाही, भिंतीकडे बघायची. इन्सुलिनची शिशी बाई वर्ध्याहून आणायच्या आणि ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात ठेवायच्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणीसुद्धा कोमट होतं. मार्च-एप्रिलमध्ये त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, टळटळीत उन्हात, पदर डोक्यावर घेऊन घरी यायच्या, ते फक्त त्या वाळूवर पाणी शिंपडायला.

त्यांच्या चुलीवर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मुगाचं पातळ वरण, आणि ताटात नेहमी काकडी नाहीतर मुळा असायचा. छायाला भाकर किती द्यायची हे त्यांच्या बोटांना कळायचं. भाकर मोडली की तुकडा तेवढाच निघायचा. पेरू अर्धा. संत्र्याच्या मोजक्या फोडी. आंब्याच्या दिवसांत एक फाक, तीही दुपारच्या जेवणासोबत, मागून नाही. छाया अजून मागायची तेव्हा म्हणायच्या, “जिभेले नको विचारू बाई, पोटाले विचार.” आणि तिला जे द्यायच्या नाहीत ते स्वतःही खायच्या नाहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा. आईनं एकदा म्हटलं, “पोरगी खेळायले गेली आहे, घ्या ना साखर घालून.” बाई म्हणाल्या, “तोंडाले वास येतो वो. तिले कळते.”

आता फुटाण्यांचं सांगते. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनानंतर जिलेबी वाटायची पद्धत होती. पहिल्या वर्षी छाया रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. वाढणारा पोरगा म्हणाला, “हात कर नं.” तिनं केले नाहीत. पुढच्या वर्षी बाई मोठ्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजी भला माणूस, पण जिलेबीवर त्यांची श्रद्धा होती.

“बाई, झेंडावंदनाले काय फुटाणे वाटायचे? लोक हासतीन.”

“हासू द्या, सर. माझी पोरगी हात मागं घेऊन उभी राह्यते ते मले पाह्यवत नाई. एक दिवस सगळ्याइनं फुटाणे-शेंगदाणे खाल्ले तर काय बिघडते? बाकीच्या पोराइचेही दात पाहा एकदा. अर्धे किडले आहेत.”

गुरुजींनी मान्य केलं. त्या पंधरा ऑगस्टला भाजलेले फुटाणे, शेंगदाणे आणि भिजवलेली मटकी असा खाऊ मिळाला आणि वत्सलाबाईंचं नाव गावानं बदललं. पोरं वर्षातून एकदा मिळणाऱ्या जिलेबीसाठी त्यांच्यावर रुसली. मीही. छाया मात्र त्या दिवशी रांगेत दोनदा उभी राहिली.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदीबैल सजवून दारोदारी नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, पैसा-दोन पैसे, करंजी, पेढा, गोळ्या. छायाला बैल हवा होता. बाईंनी सुताराकडून करून घेतला, त्याच्या शिंगांना बेगड लावली आणि आदल्या दिवशी स्वतः गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगून आल्या, “छाया आली की गोड नका देऊ. पेन्सिल द्या, बांगडी द्या, काही नसलं तर मूठभर दाणे द्या.” काही बायांनी ऐकलं. काहींना ते मनातून लागलं. सणाच्या दिवशी लेकराच्या हातावर गोड ठेवू नका म्हणणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. “इतकी कडू बाई म्हणूनच नवऱ्यानं ठेवली नसंन,” असं एकीनं मोठ्यानं म्हटलं. बाई त्या वेळी छायाला आणि बैलाला घेऊन गल्लीच्या वळणावरच होत्या. त्यांनी ऐकलं असणार. छायाच्या बैलाची दोरी तेवढी त्यांनी जरा आखूड धरली.

त्या संक्रांतीला बाईंनी हळदीकुंकू केलं. दारात सडा, रांगोळी, वाणाच्या नव्या वाट्या. तिळगुळाऐवजी खारवलेले तीळ आणि दाण्याची चटणी. आई गेली, सोबत मला नेलं. बाकी कोणी आलं नाही. बाई सतरंजीवर बसून होत्या. दारावरून कोणी गेलं की उठून उभ्या राहायच्या आणि परत बसायच्या. दिवेलागणीला आई म्हणाली, “येतीन वो अजून.” बाई म्हणाल्या, “हो, येतीन.” आणि सतरंजी झटकून घडी घालायला लागल्या.

बाईंचा नवरा मी एकदाच पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत दुपारच्या बसनं आला. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट. छाया त्याला दारात बघून लाजली आणि माझ्या मागे लपली. त्यानं पिशवीतून खोका काढला. संत्रा बर्फी. नागपूरची, वरून चांदीचा वर्ख लावलेली. “छायासाठी आणली,” तो म्हणाला. खोका उघडला तसा खोलीभर संत्र्याचा वास पसरला.

 छायानं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. “बाबा, मी नाई खात.”

“एक तुकडा खाल्ल्यानं काय होते?”

“मी नाई खात,” ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बाईंसारखा झाला.

तो थोडा वेळ बसला, हवापाण्याचं बोलला. त्याला मुलगी कितवीत आहे हेही नीट माहीत नव्हतं. पुढच्या बसनं गेला. बाई त्याला पोचवायला स्टँडपर्यंत गेल्या, आणि परत येऊन तो खोका आमच्या घरी देऊन गेल्या. “पोराइले द्या. खाल्ल्यावर चूळ भरायले लावजा.” बर्फी फार चांगली होती. आम्ही ती ओसरीवर न बसता आतल्या खोलीत बसून खाल्ली, कारण आईनं तसं सांगितलं होतं.

छायाला साखर बंद होती, पण बाईंच्या पदराला साखरेची पुरचुंडी कायम बांधलेली असायची. ते आम्हाला कळलं लेझीमच्या दिवशी. मैदानावर सराव चालला होता. छाया घामानं चिंब झाली, तिचे हात थरथरायला लागले, काहीतरी बरळली आणि कोसळली. बाई धावत आल्या, पदराची गाठ दातांनी सोडली आणि साखर तिच्या गालात भरली. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत होतो. एक पोट्टा ओरडलाच, “अरे, फुटाणेबाई साखर चारून राह्यली!” थोड्या वेळानं छाया उठून बसली. बाईंनी मग सगळ्या वर्गाला मैदानावरच बसवलं आणि सांगितलं की सुई घेतल्यावर जेवण कमी पडलं नाहीतर फार धावपळ झाली तर अंगातली साखर एकदम उतरते, तेव्हा साखरच औषध. “म्हणजे साखर वैरी नाई. पण ते कधी अन् किती, हे आपल्याले कळलं पाह्यजे. अन् हे फक्त छायाचं नाई, तुमचंही आहे.” त्यानंतर छायाला कोणी चिडवलं नाही. पण तिच्याशी दमछाक होईल असं कोणी खेळेनाही. ती ओट्यावर बसून आमचे गडी मोजायची.

सगळ्यात वाईट झालं ते कापूस निघायच्या दिवसांत. बाईंना हिवताप आला. डोळे उघडवत नव्हते, दात वाजत होते. आई नेमकी तेव्हा माहेरी गेली होती. बाबा शेतात. सारजामायनं दोघींचं सगळं अंगावर घेतलं. बाईंच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, छायाची वेणी घालायच्या. बाई तापात बरळायच्या, “सुई... छायाची सुई...” सारजामाय म्हणायच्या, “हो वो, देतो.” आणि द्यायच्या नाहीत. द्यायची कशी ते त्यांना येत नव्हतं, आणि द्यावी असं त्यांना वाटतही नव्हतं. “रोज टोचून टोचून लेकराची चाळणी केली. दोन दिस तरी आराम भेटू दे.” आणि त्यांनी शेवयांची खीर केली. प्रेमानं केली, वेलदोडा घालून. माझ्यासमोर छायाला वाढली. मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली नाही. डोळे मिटून वाटी संपवली आणि वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. दुपारी ती पडून राहिली आणि तिचा श्वास मोठा, खोल चालायला लागला. सारजामाय घाबरून बाईंना हलवत होत्या. बाईंनी डोळे उघडले, भिंतीला धरून उठल्या, छायाच्या तोंडाशी नाक नेलं. पिकल्या फळासारखा वास येत होता. “हिले सुई दिली नाई?” त्यांनी विचारलं. 

बाबांना शेतातून बोलावलं. रस्त्यावर कापसाचा ट्रक वर्ध्याकडे निघाला होता, तो थांबवला. बाई तशाच तापात, अंगावर घोंगडी घेऊन, छायाला मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसल्या. सारजामाय ट्रकच्या मागे थोडं धावल्या. मग रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

छाया वाचली. दवाखान्यातून त्या परत आल्या तेव्हा सारजामाय आमच्या दाराच्या आड बसून होत्या. बाई त्यांच्यासमोर आल्या. मला वाटलं आता भांडण होणार. बाई खूप वाळल्या होत्या. म्हणाल्या, “सारजामाय, उद्या सकायी या माह्याकडे. मी तुमाले नळी दाखवते. अन् सुईही शिकवते. मी पुन्हा पडली तर कोन करन?”

सारजामायला अक्षर येत नव्हतं, पण रंग कळायचे. त्यानंतर मरेपर्यंत रोज सकाळी त्या बाईंच्या स्टोव्हसमोर जाऊन बसत. अंगणातून त्यांचा आवाज यायचा, “हिरवी दिसते वो आज. थोडी हिरवी.” मला वाटतं, बाईंशी रोज बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या खिरीबद्दल मी छायाला एकदा विचारलं. आम्ही शाळेतून येत होतो.

“तुले माहीत नोतं का, खाऊ नाई म्हणून?”

“सगळं माहीत होतं.”

“मग काऊन खाल्लं?”

 ती म्हणाली, “आई झोपली होती.”

मोठी झाल्यावर छाया स्वतःची सुई स्वतः घ्यायला लागली. मॅट्रिक झाली आणि वर्ध्याच्या कॉलेजला गेली, वसतिगृहात राहिली. बाई दर रविवारी एसटीनं जायच्या, डब्यात भाकर-भाजी घेऊन. पुढे छाया म्हणाली, दर रविवारी नको. मग दोन रविवारांनी. पुढे तिला चंद्रपूरला एका कार्यालयात नोकरी लागली, तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं. त्याला आजाराचं सगळं आधी सांगितलं होतं. लग्न साधंच झालं. माझंही लग्न होऊन मी पुलगावला गेले. बाईंची बदली सिंदी मेघेला झाली आणि त्यांनी तिथं एक खोली घेतली.

माहेरी जाताना एकदा मी त्यांच्याकडे उतरले होते. खोली स्वच्छ होती. फडताळात काचेच्या नळ्या धुऊन उपड्या ठेवलेल्या. नळ्यांची आता कोणाला गरज नव्हती, पण धूळ अजिबात नव्हती. त्यांनी मला जेवायला वाढलं. भाकर मोडली आणि तोच तेवढा तुकडा माझ्या ताटात टाकला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि घाईघाईनं म्हणाल्या, “अजून घे वो, तुले काय झालं.” शाळेतून आल्यावर काय करता, असं मी विचारलं. “बसते,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस बसायलेच भेटलं नोतं. आता बसते तर हाताले काही सुचत नाई.”

बाई आता नाहीत. छाया चंद्रपूरलाच आहे, चांगली आहे, डोळ्यांना थोडा त्रास असतो. तिला एक मुलगी आहे आणि त्या मुलीला साखर नाही. बाई गेल्यानंतर छाया मला भेटली, आम्ही पुष्कळ बोललो. पण बाईंना मी शेवटचं पाहिलं ती गोष्ट मी तिला सांगितली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ती गोष्ट. वर्ध्याच्या बसस्टँडवर मी पुलगावच्या गाडीची वाट बघत होते. कडेवर माझं पोरगं होतं. बाकावर बाई दिसल्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून नव्या झबल्याची बाही बाहेर आलेली.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “छायाले पोरगी झाली, पुष्पी.”

“अरे वा! मग चंद्रपूरले चालल्या?”

“निघाली तर आहे.” त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “जावयानं शाळेत फोन केला होता, दोघीही ठीक आहेत म्हणून. मग छाया बोलली. म्हणाली, आई, तू नको येऊ. तू आली की मी पुन्हा आजारी होते.”

मी म्हटलं, “बाळंतपणात बोलतात माणसं काहीही. मनावर नका घेऊ.”

“नाई वो, खरं बोलली ती. तिले पाह्यलं की माही नजर पहिले तिच्या ओठावर जाते. कोरडे आहेत का म्हणून. मग डोळ्याकडे, मग ताटाकडे. तिच्याशी दोन शब्द बोलायच्या आधी माहं सगळं पाहून झालेलं असते. लहानपणापासून तिनं हेच भोगलं.” त्यांनी माझ्या पोराच्या गालाला हात लावला. “पोरगी कशी आहे हे तर मी विचारलंच नाई. छायाची साखर किती आहे तेच विचारलं.”

“तरी जा, बाई,” मी म्हटलं. “दारात उभ्या राह्यल्या की ती काय परत पाठवणार आहे?”

“ते मले माहीत आहे. परत पाठवणार नाई.” 

माझी गाडी लागली. गर्दीत चढून मी कशीबशी खिडकीशी जागा धरली. पलीकडच्या फलाटावर चंद्रपूरची गाडी उभी होती. कंडक्टर ओरडत होता, “हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर! चला, चंद्रपूर!” बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली, चालत गाडीपाशी गेल्या आणि दाराचा दांडा धरला. मागून एक माणूस आला, म्हणाला, “चढा ना, मावशी.” बाई बाजूला सरकल्या आणि त्याला आधी चढू दिलं. मग एक बाई दोन लेकरं घेऊन आली, तिलाही चढू दिलं. मग एक म्हातारा.

आमची गाडी मागे येऊन वळली. मी मान काढून पाहत होते. बाई दांडा धरून दाराशी उभ्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट करून देत होत्या.